महिनाभराची कादंबरी आणि तिच्या आधीची वर्षे

कादंबरी लिहावयास किती काळ लागतो? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मनुष्य काहीसा गोंधळून जातो. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून पुढे जवळजवळ तीन वर्षे हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत राहिली. उलटपक्षी साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत बव्हंशी लिहून काढली. दोन्ही पुस्तकांनी मराठी घरांना रडविले. लागलेल्या काळाच्या मापाने त्यांची तुलना करू म्हटले तर हाती काहीच लागत नाही.

हा प्रश्न आज आमच्या पुढ्यात येऊन पडण्यास एक निमित्त घडले आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील आमच्या कॅथलिक कुटुंबांमधील काही मुलामुलींनी येत्या नोव्हेंबर महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहून पुरी करण्याचा विडा उचलला आहे. त्यांत एक परिचारिका आहे, बी.एड.चा अभ्यास करणारी एक मुलगी आहे, लातूरच्या एका शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकविणारा तरुण आहे आणि आडत दुकानात हिशेब लिहिणारा एक जण आहे. पूर्वतयारी कशी करावी, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही कादंबरीकार नव्हे. सेमिनरीत आम्हांस इतिहासाची गोडी लागली, आणि रविवारचे प्रवचन वगळल्यास आमच्या लेखणीतून फारसे काही उतरलेले नाही. तेव्हा इतिहास या बाबतीत काय सांगतो तेवढे मांडावे, आणि त्यातून आपल्या भागातील लिहिणाऱ्यांच्या हाती काय लागते ते पाहावे, असे योजिले आहे.

महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा हा पण मूळचा अमेरिकेतील. १९९९ सालच्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने वीस मित्रमैत्रिणींना गोळा केले आणि एकवीस जणांनी महिन्याभरात कादंबरी लिहावयाची असे ठरविले. दुसऱ्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात नेला गेला, कारण त्या सुमारास तिकडची हवा वाईट असते व माणूस घराबाहेर पडत नाही. पन्नास हजार शब्द, तीस दिवस, आणि कोणी परीक्षक नाही, एवढेच काय ते नियम. 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' या नावाने तो उपक्रम पुढे देशोदेशी पसरला व लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि एरिन मॉर्गेनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' या गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले कच्चे खर्डे अशाच नोव्हेंबरांतून निघाले. मात्र त्या खर्ड्यांवर नंतर दीर्घकाळ काम झाले, हे सांगावयास हवे. उपक्रम चालविणारी संस्था २०२५ सालच्या मार्चअखेरीस बंद झाली. पैशांची चणचण होतीच, शिवाय आदल्या वर्षी यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याच्या प्रश्नावर तिने घेतलेल्या गुळमुळीत भूमिकेमुळे कित्येक लेखक तिच्यापासून दुरावले होते. संस्था गेली, तरी पण करण्याची कल्पना लोकांनी सोडलेली नाही.

या उपक्रमात आम्हांस विशेष लक्षणीय वाटली ती ऑक्टोबर महिन्याची प्रथा. नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडण्यापूर्वी कादंबरीचे एकही वाक्य लिहावयाचे नाही, परंतु टिपणे, आराखडे, पात्रांच्या याद्या खुशाल कराव्यात, अशी मुभा तेथे होती. त्यावरून दोन पंथही पडले. एक, सर्व आखून मगच लेखणी उचलणाऱ्यांचा. दुसरा, कोरे मन घेऊन बसणाऱ्यांचा. दुसऱ्या पंथाचे लोक पहिल्या पंथास थोडे हसत, असे वाचनात आले. आम्हांस हे दोन्ही पंथ एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करणारे वाटतात. ज्या कादंबऱ्या खरोखरीच थोड्या दिवसांत लिहिल्या गेल्या, त्यांची तयारी महिन्यापूर्वी सुरू झालेली नव्हती. ती कित्येक वर्षे आधी सुरू झालेली होती, आणि बहुधा आपण तयारी करीत आहोत हे लेखकाच्या ध्यानीमनीही नव्हते.

फ्योदोर डोस्टोव्हस्की यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८६५ साली कर्जात बुडालेल्या या लेखकाने स्टेलोव्स्की नामक प्रकाशकाशी एक भयंकर करार केला. तीन हजार रूबल घेतले आणि १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास पुढील नऊ वर्षे आपले सर्व लेखन प्रकाशकाने फुकट छापावे, असे लिहून दिले. त्या वर्षी ते 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून क्रमशः देत होते. ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्या कादंबरीची एक ओळ झाली नव्हती. मित्रांनी सुचविले की, आम्ही एकेक प्रकरण लिहितो, तुम्ही सही करा. त्यांनी ते नाकारले. अखेर लघुलेखन शिकलेल्या वीस वर्षांच्या ॲना स्निटकिना या तरुणीस बोलावण्यात आले. रात्री टिपणे करावयाची, दुपारी तिला मजकूर सांगावयाचा, तिने घरी जाऊन तो स्वच्छ लिहून आणावयाचा, असा क्रम चालून सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' पुरी झाली. हस्तलिखित घेऊन गेले तर प्रकाशक गावात नाही! तेव्हा ते पोलीस ठाण्यात नोंदवून पावती घ्यावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत लेखकाने त्या लघुलेखिकेशी विवाह केला.

ही गोष्ट सांगताना लोक सव्वीस दिवसांपाशी थांबतात. वास्तविक १८६३ सालच्या सप्टेंबरात, म्हणजे तीन वर्षे आधी, डोस्टोव्हस्की यांनी रोमहून एका स्नेह्यास पाठविलेल्या पत्रात परदेशी जुगारात गुंतलेल्या एका रशियन माणसाची कथा लिहिण्याचा मानस कळविला होता. जर्मनीतील जुगारगृहांत ते स्वतः अनेकदा नागवले गेले होते. ते सर्व मनात साठले होते. ऑक्टोबरात ते फक्त बोलावयाचे राहिले होते.

आपल्याकडे साने गुरुजींचे तसेच झाले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखन आरंभिले आणि १३ तारखेच्या पहाटे ते संपविले. काही रात्री पुढे बाहेर आल्यावर जोडल्या गेल्या व पुस्तक १९३५ साली निघाले. 'श्यामची आई'स कादंबरी म्हणावे की आठवणी, याविषयी ग्रंथपालांत मतभेद आहेत. घराघरांत ते वाचणाऱ्यांस तो प्रश्न कधी पडला नाही. गुरुजींची आई १९१७ साली निवर्तली होती. मधल्या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि मुलांस गोष्टी सांगणे हा त्यांचा स्वभाव होता. पुस्तकाची रचनाच पाहा ना: आश्रमात रात्री मंडळी जमतात आणि श्याम सांगू लागतो. पाच दिवसांच्या मागे मातृवियोगाची सोळा वर्षे आहेत आणि ऐकणारी मुलेही आहेत. पहिले वाक्य कागदावर पडण्यापूर्वी गोष्ट कोणाला तरी तोंडी सांगून पाहिलेली असणे, ही पूर्वतयारीची फार जुनी रीत आहे.

'कोसला'चा विषय थोडक्यात आटोपतो, कारण ती कहाणी बहुतेकांस ठाऊक आहे. भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, खानदेशातील सांगवी या आपल्या गावी बसून पंधरवड्याच्या आसपास ती लिहिली, आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने त्याच वर्षी ती छापली. पुण्यातील विद्यार्थिदशेची वर्षे त्या पंधरवड्यामागे उभी आहेत. नेमाडे यांनी पुढे औरंगाबादेस विद्यापीठात अध्यापन केले, त्यामुळे आमच्या मराठवाड्यातील जुने प्राध्यापक त्यांच्याविषयी आपल्या घरचे असल्यासारखे बोलतात.

आता आम्हां ख्रिस्ती वाचकांनी थोडा अभिमान बाळगावा आणि थोडे शरमावेही, अशी एक गोष्ट. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक बाबा पदमनजी हे बेळगावचे. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते, कॅथलिक नव्हे, परंतु शब्दांच्या राज्यात एवढा भेद पाहण्याचे कारण नाही. त्यांच्याही आधी, १८४१ साली, हरी केशवजी यांनी जॉन बन्यनच्या ग्रंथाचे 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर केले होते, आणि प्रवासाच्या सूत्रात माणसांच्या भेटी गुंफण्याची ती तऱ्हा मराठीत आणली होती. पदमनजींची यमुना आपल्या पतीसमवेत गावोगाव फिरते व जागोजागी विधवांच्या कहाण्या ऐकते; मग तीच विधवा होते, आणि अखेरीस ख्रिस्ती होते. यमुना जोपर्यंत ऐकत असते तोपर्यंत हे पुस्तक आजही जिवंत वाटते. उपदेश सुरू झाला की ते थंडावते. आम्ही हे एक प्रवचनकार म्हणून लिहीत आहोत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे!

पदमनजींनी विधवांची स्थिती कल्पनेने रचलेली नव्हती. ती भोवताली दिसत होती, घराघरांत ऐकू येत होती. कल्पनेने रचली ती यमुना. खऱ्या स्त्रियांची नावे छापणे शक्य नव्हते. त्या सर्वांचे ऐकून घेणारी एक बाई निर्माण करणे मात्र शक्य होते. कादंबरीचा हा उपयोग मराठीत पहिल्या पावलालाच सिद्ध झाला, आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याकडे आम्ही थोड्या वेळाने येऊ.

आधी मराठवाड्याचे वेगळेपण पाहिले पाहिजे. पुण्यामुंबईत 'करमणूक'चे अंक वाचले जात होते त्या काळी नांदेड निजामाच्या राज्यात होते. लातूर त्याच राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी, कचेरीत उर्दू, देगलूर-बिलोलीकडे शेजारी तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, अशा चार भाषांच्या वाऱ्यात येथील माणूस वाढला. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन दप्तरे वाचण्यासाठी उर्दू व मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली, हे सर्वांनी पाहिलेच. ज्या आजोबांनी १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी शाळा पाहिली, त्यांपैकी कित्येकांची अक्षरओळख उर्दूची होती. स्वतःचे जगणे स्वतःच्या भाषेत लिहून ठेवण्याची सवय येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजू शकली नाही.

असे असूनही येथे कादंबरी नव्हती असे म्हणता येणार नाही. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) सरकारी नोकरी सांभाळून कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत राहिले व चाळिशीतच गेले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. पुढे त्याचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर यांनी 'धार आणि काठ' या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीचा धांडोळा घेतला. तो ग्रंथ १९७१ सालचा. त्याच वर्षी लातूरजवळच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' प्रसिद्ध झाली, जिच्यात एका खेड्यातील शिंपी कुटुंबाची वाताहत तेथल्याच बोलीत आली आहे. म्हणजे एकाच वर्षी नांदेडातून कादंबरीचा विचार आला आणि लातूरच्या मातीतून कादंबरी आली. १९८७ साली लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले, व पुढल्या वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आत्मकथन आहे; पण 'जाऊलालो', 'करायलास' असे बोलणारी आपल्याकडील माणसे छापील पानावर बोलू शकतात, हे या पुस्तकांनी दाखवून दिले. बोराडे २०२५ सालच्या फेब्रुवारीत निवर्तले.

तेव्हा आमच्या तरुण मंडळींना आम्ही प्रथम हे सांगितले की, तुमची कथा तुमच्या बोलीत कशी ऐकू येते ते आधी ऐका. एक वही केवळ ऐकलेल्या बोलण्यासाठी ठेवा. आठवडी बाजारात, बसस्थानकावर, अंत्यविधीनंतर अंगणात बसलेल्या बायकांत जे कानी पडते ते त्याच रात्री उतरवा. नांदेडची बोली आणि निलंग्याची बोली एक नव्हे. महिना सुरू झाल्यावर हे शोधावयास वेळ मिळत नाही, आणि मग पात्रे पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागतात.

दुसरे, वृद्धांकडे जा. 'आजोबा, तुमचे आयुष्य सांगा' असे म्हटल्यास आजोबा दोन वाक्ये बोलून गप्प होतात. वस्तूंविषयी विचारावे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास कोठे जात होता, सुकडी कशात बांधून आणीत होता, रेशनची लाल मिलो दळल्यावर भाकरी कशी होई, असे विचारले की मनुष्य खुलतो. आमच्या दोन जिल्ह्यांत काळाच्या खुणा पक्क्या आहेत. १९४८चे पोलीस ॲक्शन, १९७२चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट, २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची आगगाडी. लोक तारखा विसरतात, पण 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' हे विसरत नाहीत. किल्लारीच्या त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे दगावली, बावन्न गावे जागा सोडून नव्याने वसली. जुन्या गावाची जागा आणि नवे गाव यांच्यामधून रोज चालत जाणारा मनुष्य आजही भेटतो. अशा खुणांचे एक कोष्टक करून त्यावर आपल्या पात्रांची वये मांडावीत. हे काम रुक्ष आहे; परंतु विसाव्या दिवशी नायिकेचे वय चुकल्याचे ध्यानात येऊन सर्व लेखन अडकून पडण्यापेक्षा ते बरे.

हिशेबाचेही बोलले पाहिजे. पन्नास हजार शब्द म्हणजे छापील सुमारे दोनशे पाने. दिवसाला सोळाशे सदुसष्ट शब्द पडतात. हाताने लिहिणाऱ्यास मोठ्या कागदाची सहा-सात पाने. आमच्याकडे नोव्हेंबरात सोयाबीन विकून झालेले असते, रब्बीची पेरणी उरकत आलेली असते, दिवाळी कधी आधी तर कधी मध्येच येते, आणि महिनाअखेरीस आगमनकाळ जवळ येऊन नाताळच्या गायनाचा सराव सुरू होतो. घरातील मंडळींशी आधीच बोलून ठेवले नाही तर पाचव्या दिवशी वही गुंडाळावी लागेल, विशेषतः मुलींना. भाऊ लिहीत बसला तर घरात त्याचा चहा खोलीत पोहोचतो. बहीण लिहीत बसली तर गॅसवर दूध ठेवल्याची तिला आठवण करून दिली जाते. या बाबतीत काही कुटुंबांकडे आम्ही स्वतः जाऊन आलो आहोत.

संत इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेचा काळही तीस दिवसांचाच असतो, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस माहीत असेल. तेथे प्रत्येक चिंतनापूर्वी घटनेची जागा डोळ्यांसमोर आणावयाची असते: वाट किती लांब, घर केवढे, उजेड कोठून येतो. मंडळींना आम्ही हीच रीत लिहिण्यास बसण्यापूर्वीची पाच मिनिटे वापरण्यास सुचविली. ती कादंबरीसाठी सांगितलेली नाही, पण चालून जाते.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे येऊ.

आपल्या धर्मग्रामांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. महागुरुस्वामींचा संदेश, इमारतीचा इतिहास, देणगीदारांची यादी, कार्यकारिणीचे छायाचित्र. त्यांत एका गोष्टीचा उल्लेख कधीच नसतो, आणि नसतो हे योग्यच आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती आले नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी असे सुचविले. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आयोग येतात नि जातात. दरम्यान खेड्यापाड्यांतील किती कुटुंबांत मुलाचे एक नाव घरात व देवळात असते आणि दुसरे शाळेच्या दाखल्यावर! आई त्याला सायंकाळच्या प्रार्थनेस एका नावाने हाक मारते, मास्तर हजेरीत दुसऱ्या नावाने. ज्याला या दोन नावांखाली वाढावे लागले त्याच्या मनात काय घडत असेल, हे कोणत्याही आयोगाच्या अहवालात येणार नाही. ते स्मरणिकेत लिहिले तर कोणाची तरी नोकरी धोक्यात येईल. ते कादंबरीत लिहिता येते.

म्हणूनच या मुलांच्या खटाटोपाकडे आम्ही हौस म्हणून पाहत नाही. मराठी कथाकादंबऱ्यांत ख्रिस्ती मनुष्य डोकावतो तो पुष्कळदा साहेबी थाटाचा, गिटार वाजविणारा, मद्याचा शौकीन. मुंबई-वसईकडील लेखकांनी आपल्या समाजाचे चित्र रेखाटले आहे. परंतु तूर राखणारा, ऊसतोडीला जाणारा, रात्री जपमाळ म्हणणारा नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती मनुष्य आमच्या वाचनात तरी क्वचितच आला.

यातूनच पूर्वतयारीचा एक कठीण भाग निघाला. परिचारिकेने विचारले की, जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या पाहावयास मिळतील काय? आम्ही नाही म्हटले. त्या नोंदी विश्वासाने दिलेल्या आहेत. त्या कथेच्या कच्च्या मालासाठी उघडता येणार नाहीत. यावर बराच वाद झाला. आडत दुकानातील तरुणाचे म्हणणे असे की, सत्य लिहावयाचे तर ते आधी पाहावे लागेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण आम्ही मत बदलले नाही. त्याऐवजी एक नियम सर्वांनी मान्य केला: ज्याची कथा घ्यावयाची त्याला आधी विचारावयाचे, आणि गाव, नाव, वर्ष व धंदा यांपैकी निदान तीन गोष्टी बदलावयाच्या. बदललेल्या नावांची यादी ऑक्टोबरातच पुरी करावयाची, कारण लिहिण्याच्या भरात खरे नाव लेखणीतून निसटते, आणि एकदा कागदावर आलेले नाव फिरत जाऊन कोठे पोहोचेल याचा नेम नसतो.

तिघांना घरच्यांची परवानगी मिळाली आहे. एकाच्या चुलत्यांनी साफ नकार दिला, आणि तो आता दुसरा विषय शोधत आहे. पाण्याच्या आगगाडीवर लिहीन म्हणतो. परिचारिकेला आपल्या आजीची हकिकत घ्यावयाची आहे. आजी उदगीर तालुक्यातील एका खेड्यात राहतात, वय ऐंशीच्या पुढे. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "माझं नाव काय बी लिव्ह माय, गावाचं बी लिव्ह. पर म्हशीचं नाव बदलू नको. बहात्तरात तिच्या दुधावर जगलाव आपण." ते नाव वहीत उतरवून झाले आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र परिचारिकेस रात्रपाळी आहे, आणि त्या सात दिवसांची रोजची सहा पाने कोणत्या वेळी लिहावयाची हे अद्याप ठरलेले नाही.